दोघांच्या यादीतले पुणे

ज्या शहरात माणसाचे सारे आयुष्य जाते ते शहर तो सहसा पाहत नाही, कारण वावरणे आणि पाहणे या दोन वेगळ्या क्रिया असून वावरताना डोळा वाट, सिग्नल आणि दुकानाची पाटी यांपलीकडे फारसे काही टिपत नाही. पुण्यात पहाटे पर्वतीच्या पायऱ्या नेमाने चढणारे असंख्य लोक आहेत. परंतु टेकडीवरचे देवदेवेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये उभारले आणि पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही याच टेकडीवर, हे त्यांतील किती जणांच्या मनात असते, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की शनिवारवाडा, सारसबाग, दगडूशेठ गणपती आणि वेळ उरलाच तर सिंहगड अशी ठरलेली फेरी होते, आणि ती पाहुण्यांच्या परतीच्या गाडीला बांधलेली असल्यामुळे यजमानालाही आपले शहर पाहुण्याच्याच घाईने दिसते. या सवयीवर एक साधा आणि बिनखर्चाचा उपाय असा की, दोन मित्रांनी किंवा दोन मैत्रिणींनी मिळून आपल्या शहरातील स्थळांची यादी करावी आणि ती सवडीने, पण खंड न पाडता, पुरी करावी. अशी यादी कशी असावी आणि ती एकट्याने न पाहता दोघांनी का पाहावी, याचा विचार पुण्याच्या उदाहरणाने चांगला करता येतो.

शहराची नोंद करण्याची परंपरा मराठीत चांगली जुनी आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, तर ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ मध्ये; म्हणजे पेशवाई बुडून पन्नास वर्षे होत असतानाच या शहराची देवळे, पेठा आणि वाडे लिहून ठेवले पाहिजेत असे एका ग्रंथकाराला वाटले होते. आजच्या काळातील अधिकृत यादी म्हणजे महानगरपालिकेची वारसा वास्तूंची यादी होय. ‘वारसा वास्तू’ म्हणजे ऐतिहासिक, स्थापत्यविषयक किंवा सांस्कृतिक मोलामुळे जतन करावी असे ठरवलेली इमारत किंवा जागा, आणि तिचे महत्त्व पाहून तिला तीनपैकी एक श्रेणी दिली जाते. पहिल्या श्रेणीतील वास्तूत फेरफार करण्यावर सर्वांत कडक बंधने असतात आणि पुढील श्रेणींत ती क्रमाने सैल होत जातात. ही यादी जतनासाठी उपयोगाची असली तरी पाहणाऱ्यासाठी ती अपुरी आहे, कारण तिच्यात वास्तू सुट्या सुट्या येतात. एका वास्तूचा दुसरीशी असलेला संबंध तिच्यात दिसत नाही. प्रवासी पुस्तिकांच्या याद्या तर त्याहून तोकड्या असतात. दोघांनी स्वतः केलेल्या यादीचे मोल नेमके येथे आहे, कारण ती प्रश्नांवरून वाढत जाते आणि एका स्थळी पडलेला प्रश्न पुढच्या स्थळाचे नाव सुचवतो.

येथे दोन ही संख्या महत्त्वाची आहे. एकटा माणूस फलक वाचतो, एक छायाचित्र काढतो आणि बाहेर पडतो. दहा जणांचा गट असेल तर निम्मा वेळ माणसे गोळा करण्यात जातो आणि उरलेला कोठे खावे हे ठरवण्यात. दोघे असले की एक जण शिलालेखापाशी रेंगाळतो तेव्हा दुसरा खांबाच्या तळाशी वाकून पाहत असतो, आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाजवळ दुसऱ्याने न पाहिलेले काहीतरी सांगण्यासारखे असते. यातही सर्वांत फलदायी जोडी म्हणजे एक पेठेत वाढलेला आणि दुसरा शिक्षणासाठी किंवा हिंजवडीतील नोकरीसाठी बाहेरून आलेला अशी होय. मूळ रहिवाशाला नावे ठाऊक असतात, पण त्या नावांचे त्याला नवल उरलेले नसते. नवख्याला मात्र पेठांना वारांची नावे का, सदाशिव आणि नारायण हे कोण, असे प्रश्न पहिल्याच दिवशी पडतात. त्यांची उत्तरे शोधताना रहिवाशालाही कळते की, सदाशिव पेठेचे नाव पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे आणि नारायण पेठेचे नाव शनिवारवाड्यात १७७३ मध्ये खून झालेल्या नारायणराव पेशव्यांचे आहे.

अशा जोडीने यादीत अगदी वर घालावे असे स्थळ म्हणजे सोमवार पेठेतील, नागझरीच्या काठचे त्रिशुंड गणपतीचे मंदिर. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि ते १७७० मध्ये पूर्ण झाले. पेशवेकालीन पुण्यातील देवळे बहुधा विटा, चुना आणि लाकूड यांची, रंगवलेल्या शिखरांची आणि तुलनेने साधी आहेत; हे मंदिर मात्र काळ्या दगडात बांधलेले असून त्याचा दर्शनी भाग द्वारपाल, हत्ती, पक्षी आणि वेलबुट्टी यांनी भरून गेला आहे. त्या गर्दीत, सहज लक्ष जाणार नाही अशा जागी, साखळदंडांनी जखडलेला एक गेंडा आणि त्याला बांधणारे बंदूकधारी फिरंगी शिपाई कोरलेले आहेत. गेंडा महाराष्ट्रातील प्राणी नव्हे, तो बंगाल आणि आसामकडचा. आणि मंदिराचे काम चालू असतानाच, १७५७ मध्ये, प्लासीच्या लढाईने बंगाल इंग्रजांच्या हातात गेला होता. जखडलेला गेंडा हे इंग्रजांनी काबीज केलेल्या पूर्व प्रांताचे प्रतीक असावे, असा अर्थ अभ्यासकांनी मांडला आहे. तो मान्य केला तर पुण्याच्या एका गोसाव्याच्या देवळावर, पुणे इंग्रजांच्या ताब्यात जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी, देशातील एका मोठ्या राजकीय उलथापालथीची बातमी दगडात नोंदली गेली असे म्हणावे लागते, आणि एखाद्या शहराच्या दृष्टीने ही सामान्य गोष्ट नव्हे.

आत गेल्यावर गर्भगृहाच्या दारावर संस्कृत आणि फारसी अशा दोन्ही भाषांतील लेख आहेत, आणि मूर्ती तीन सोंडांची, मयूरावर बसलेली आहे; मंदिराला त्रिशुंड हे नाव मिळाले ते या मूर्तीवरून. खाली तळघर आहे. येथे दोघांपैकी एकाने बाहेरच्या शिल्पपटाकडे आणि दुसऱ्याने लेखांकडे लक्ष दिले तरी एका सकाळीत मंदिर पुरते पाहून होत नाही, आणि म्हणूनच एका दिवसात दोनहून अधिक स्थळे घेऊ नयेत हा नियम अशा यादीला घालून घेणे शहाणपणाचे ठरते. फार पाहण्याच्या हव्यासात काहीच पाहिले जात नाही.

पाताळेश्वराचे लेणे वेगळ्या कारणासाठी पाहावे. जंगली महाराज रस्त्याच्या पातळीखाली, एकाच अखंड कातळात खोदलेले हे शिवमंदिर आठव्या शतकातील, म्हणजे राष्ट्रकूटांच्या काळातील मानले जाते. वेरूळचे कैलास लेणे ज्या राजवंशाच्या आश्रयाने झाले तोच हा वंश. अंगणातील गोल नंदीमंडप भारतातील लेण्यांत विरळा आहे, आणि आतील खांब कोरीव कामाविना, अर्धवट राहिल्यासारखे दिसतात. लेणे का पूर्ण झाले नसावे यावर दोघांनी वाद घालावा अशी ही जागा आहे. याउलट लाल महालापाशी निराळीच सावधगिरी हवी: शिवाजी महाराजांचे बालपण आणि शाहिस्तेखानावरील छापा यांच्याशी जोडलेली मूळ वास्तू आज उरलेली नाही आणि सध्या दिसते ती विसाव्या शतकात त्या स्मृतीसाठी बांधलेली इमारत आहे. पाहणाऱ्याने कोणती वास्तू मूळची, कोणती दुरुस्त केलेली आणि कोणती नव्याने उभारलेली हा भेद प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवला, तर त्याच्या वहीला खऱ्या अभ्यासाचे मोल येते.

यादी स्थळांच्या जवळिकीनुसार करावी की एखाद्या विषयानुसार, हा प्रश्न दोघांमध्ये लवकरच उभा राहतो. विषयानुसार केलेली यादी अधिक पायपीट करायला लावते हे खरे, पण शहर कसे चालत होते हे समजते ते तिच्यामुळेच. आणि पुण्यात असा सर्वांत समृद्ध विषय कोणता असेल तर तो पाण्याचा. मुठा नदी काठाशी असूनही पेशव्यांच्या काळात वाढत्या वस्तीला तिचे पाणी पुरवणे सोपे नव्हते, कारण पाणी सखल भागात आणि वस्ती उंचावर अशी स्थिती होती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, शहराच्या दक्षिणेस कात्रज येथे बंधारे घालून तलाव केला गेला आणि तेथून जमिनीखालून बांधीव नळ शहरात आणला गेला. हा नळ म्हणजे लोखंडी पाइप नव्हे, तर माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढ्या उंचीचा दगडविटांचा भुयारी मार्ग होता, आणि कोणत्याही यंत्राच्या साहाय्याविना केवळ जमिनीच्या उताराने पाणी त्यातून वाहत येई. वाटेत ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. उच्छ्वास म्हणजे भुयारातील हवा बाहेर पडण्यासाठी आणि सफाईसाठी आत उतरता यावे म्हणून ठेवलेली विहिरीसारखी उभी पोकळी. शहरात पोहोचलेले पाणी शनिवारवाड्यात आणि निरनिराळ्या पेठांतील हौदांत जाई, व लोक तेथून ते भरून नेत. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद ही नावे पुण्याच्या जुन्या व्यवहारात याच व्यवस्थेतून आली.

या एका विषयाचा माग काढणाऱ्या दोघांची पायपीट कात्रजच्या तलावापासून सुरू होते आणि आंबील ओढ्याच्या काठाने पर्वतीच्या पायथ्याशी येते. हा ओढा पूर्वी वस्तीतून वाहत असे. पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळवला, आणि पर्वतीच्या पायथ्याशी जे तळे केले त्याच्या मधल्या बेटावर पुढे गणपती बसवला. तळे बुजले, त्याची बाग झाली, पण पुणेकरांच्या बोलण्यात सारसबागेतला तो देव आजही तळ्यातला गणपतीच आहे. एरवी भेळ खाण्याची जागा म्हणून ओळखली जाणारी बाग या माहितीनंतर पूर्वीसारखी दिसत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टीने आंबील ओढ्याला पूर आला, काठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे प्राणांना मुकली. ओढ्याच्या पात्रावर आणि काठांवर झालेले बांधकाम हे त्या आपत्तीमागचे एक मोठे कारण होते. जुन्या जलव्यवस्थेचा अभ्यास म्हणजे केवळ गतकाळाचे कौतुक नव्हे, हे येथे ध्यानात येते. पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे ज्या शहराला ठाऊक नसते त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

या विषयातील शेवटचे आणि, खरे म्हणजे, सर्वांत मोठे स्थळ गंज पेठेतील महात्मा फुले वाडा आहे. पेशव्यांच्या हौदांचे पाणी सर्वांसाठी नव्हते. अस्पृश्य मानलेल्या जातींना गावातील पाणवठ्यांवर पाणी भरण्यास मज्जाव होता, आणि राज्य बदलल्यावरही हा मज्जाव टिकून होता. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. ना. वि. जोशी यांचे पुणे शहराचे वर्णन प्रसिद्ध झाले तेच हे वर्ष. शहराच्या वर्णनग्रंथाचे आणि या हौदाचे साल एकच असावे हा योगायोग असला, तरी कात्रजच्या नळाची अभियांत्रिकी आणि गंज पेठेतील हा साधा हौद एकाच दिवशी पाहणाऱ्याला कळते की, पाणी उतारावरून शहरापर्यंत आणणे हे काम जितके अवघड होते त्याहून ते पाणी माणसापर्यंत पोहोचवणे अवघड होते. पहिल्या कामाला सत्ता आणि पैसा पुरला. दुसऱ्यासाठी एका माणसाला आपल्या समाजाचा रोष पत्करावा लागला. फुले वाडा पाहिल्याशिवाय पुण्याची कोणतीही यादी पूर्ण मानू नये.

फुले यांच्या संदर्भातच मंडईही पाहण्यासारखी ठरते. १८८६ मध्ये उभी राहिलेली ही दगडी इमारत, तिचा अष्टकोनी मध्यभाग आणि उंच मनोरा हे पुण्यातील ब्रिटिशकालीन स्थापत्याचे ठळक उदाहरण आहे. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तेव्हा तिला दिलेले होते. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. फुले हे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणासाठी खर्च व्हावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पुढे याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले, आणि त्यासाठी आचार्य अत्रे यांनी पुढाकार घेतला होता. मंडईत जाणाऱ्या दोघांनी सकाळी लवकर जावे, गाळ्यांवर भाजी रचली जात असताना वर मान करून छताची बांधणी पाहावी. ही वास्तू अजून आपल्या मूळ कामासाठी वापरात आहे, आणि वापरातील वारसा हाच खरा जिवंत वारसा.

उरलेल्या यादीत प्रत्येकाच्या आवडीला वाव आहे. ज्याला वस्तू आवडतात त्याने राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावे. दिनकर गंगाधर केळकर, जे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, त्यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ ते उभे केले आणि १९७५ मध्ये राज्य शासनाला देऊन टाकले. तेथील दिवे, अडकित्ते, पाय घासण्याच्या वज्री पाहताना राजेरजवाड्यांचा नव्हे तर घराघरांचा इतिहास समोर येतो, आणि कोथरूडहून हलवून आणलेला मस्तानी महालही तेथेच आहे. आगाखान पॅलेसमध्ये ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळात महात्मा गांधी स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे निधन तेथेच झाले आणि दोघांच्या समाध्या आवारात आहेत. वानवडीची शिंदे छत्री म्हणजे १७९४ मध्ये निवर्तलेल्या महादजी शिंद्यांचे स्मारक. छावणी भागातील ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिले, आणि लाल विटांमुळे गावाने त्याला लाल देऊळ हे नाव देऊन आपलेसे केले. चित्रपटवेड्यांसाठी विधी महाविद्यालय रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, कोल्हापुरातून १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीचा जुना स्टुडिओ उभा आहे.

चांगल्या यादीत नाहीशा झालेल्या जागांनाही स्थान असावे, हे मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. शनिवारवाडा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण: १७३० मध्ये पाया घातलेल्या या वाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या, आणि आज तट, दरवाजे, जोती व कारंज्यांचे अवशेष एवढेच उरले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या लोंढ्याने नदीकाठचे किती वाडे नेले हे नव्या पिढीला सांगावे लागते, आणि ते सांगण्यासाठी पेठांतील वृद्ध अजून आहेत. फुले दांपत्याने १८४८ मध्ये बुधवार पेठेतील ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तो मोडकळीस आलेला वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. ज्यांनी तो पाडण्यापूर्वी आत जाऊन पाहिला होता त्यांच्यापाशी आज एक साक्ष आहे, आणि ज्यांनी ‘पुढे केव्हातरी’ म्हणून टाळला त्यांना ती आता कधीही मिळणार नाही.

म्हणून अशा यादीचा क्रम लावताना जे स्थळ सर्वांत नाजूक स्थितीत आहे ते आधी घ्यावे, आणि जे शंभर वर्षांनीही उभे असणार आहे ते मागे ठेवावे. वारी ठरलेली असावी, महिन्यातून दोन सकाळी पुरेशा आहेत, आणि एकाला जमले नाही तर दुसऱ्याने एकट्याने जाऊन यादीवर खूण करू नये. दोघांनी पाहिल्याशिवाय स्थळ पाहिले असे मानायचे नाही हा नियम पाळला तरच यादी दोघांची राहते. वहीत प्रत्येक जागेचे वर्ष, बांधणारा आणि मनात उरलेला एक प्रश्न एवढे तीन तपशील लिहिले तरी चालतील. कोल्हापूर, नाशिक, नागपूर, सोलापूर किंवा पणजी येथील वाचकांना हीच पद्धत आपापल्या गावी वापरता येईल. पुण्यातल्यांनी सुरुवात सोमवार पेठेतून करावी: कसबा पेठेतून नागझरी ओलांडली की त्रिशुंड गणपतीचे मंदिर चालत गाठण्याच्या अंतरावर आहे, आणि दर्शनी भागावरचा गेंडा शोधायला सकाळचे ऊन चांगले.